बीपी-शुगरच्या पेशंटच्या गोळ्यांचा आढावा: या चुका टाळा

पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) असो की फॅमिली डॉक्टरचा दवाखाना, जुना कागद बघून "सगळ्या चालू आहेत ना?" असं विचारायचं, आजोबा मान हलवतात आणि आपण तेच परत लिहून देतो, याला आढावा म्हणू नका प्लीज.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पिशवी न बघणं. कागदावर चार गोळ्या असतात, पिशवीत आठ निघतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेली बीपीची गोळी टेल्मिसार्टन असते, जनऔषधीतून आणलेली पण टेल्मिसार्टनच असते आणि पेशंट दोन्ही खातो, कारण पाकीट वेगळं, कंपनी वेगळी. म्हणून स्ट्रिपवरचं मूळ औषधाचं नाव वाचा. आशाताईंना आधीच निरोप द्या की येताना घरातलं सगळं घेऊन यायला सांगा, डोळ्याचे थेंब, काढा, पुड्या आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली गुडघेदुखीची गोळी सुद्धा. ही शेवटची गोळी पेशंट स्वतःहून सांगतच नाही, त्याच्या लेखी ते औषधच नसतं, पण टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल (ही पण बीपीचीच) चालू, सोबत लघवी वाढवणारी गोळी, वर दुखण्यासाठी रोजची डायक्लोफेनॅक, एवढ्यावर म्हाताऱ्या माणसाची किडनी बसू शकते.

दुसरी चूक, साइड इफेक्टला नवीन आजार समजणं. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पाय सुजले की लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड सुरू होते, तिने बीपी उतरून चक्कर यायला लागली की चक्करेची गोळी, आणि मूळ अ‍ॅम्लोडिपिनकडे कुणी बघतच नाही! नवीन तक्रार आली की आधी विचारा, ही कोणत्या गोळीनंतर सुरू झाली? आणि बीपी पेशंटला उभं करून पण घ्या.

शुगरच्या ग्लिमेपिराइडवर खास लक्ष हवं. वय झालेलं, जेवण कमी झालेलं, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं, तरी डोस तोच, मग शुगर उतरून पहाटे घाम, थरथर, कधी सरळ बेशुद्ध. शुगरचीच मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ कमी होऊ शकतं हे आठवा, आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन बंदच.

काही जण उलट टोक गाठतात, एकाच भेटीत चार गोळ्या बंद. असं नका करू, एका वेळी एकच बदल. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या बीपी-हृदयाच्या गोळ्या अचानक तोडायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या. हृदयात स्टेंट बसवलेल्याची क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) हार्टच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय अजिबात बंद करायची नाही.

ओपीडीत वेळ नसतो हे खरंय. मग सगळ्यांचं करायला जाऊ नका, पाच किंवा जास्त गोळ्या घेणारे, नुकतेच अ‍ॅडमिट होऊन आलेले, घरात तोल जाऊन पडलेले, एवढेच निवडा आणि एनसीडीच्या (बीपी-शुगरसारख्या आजारांच्या तपासणीच्या) दिवशी दोघा-तिघांचं नीट करा.

आणि बंद केलेली गोळी पेशंटच्या कार्डावर मराठीत, कारणासकट लिहा, "अ‍ॅम्लोडिपिन बंद, पायाला सूज" असं, नाहीतर पुढचा डॉक्टर तीच परत सुरू करतो. घरी गोळ्या सूनबाई देत असतील तर त्यांनाच समोर बसवून सांगा, जुनी स्ट्रिप पिशवीतून बाजूला काढायला लावा, आणि दोन ते चार आठवड्यांनी बीपी-शुगर बघायला बोलवा.