महायुद्धाची कारणं आणि परिणाम पाठ न करता समजून कसे घ्यायचे

महायुद्धाची कारणं विचारली की आपल्या तोंडून आपोआप बाहेर पडतं, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, लष्करवाद, शस्त्रस्पर्धा, गुप्त करार, आणि तात्कालिक कारण म्हणजे युवराजाचा खून. चूक काहीच नाही यात. पण घराला आग का लागली असं विचारल्यावर "लाकूड होतं, हवा होती" सांगावं तसं झालं हे, लाकूड आणि हवा तर शेजारच्या घरातही होती ना, मग ते का नाही पेटलं? मी स्वतः कित्येक वर्षं ही यादी घोकली आणि मार्कही मिळवले, पण समजलं काहीच नव्हतं. नंतर जी पद्धत कामी आली ती सांगतो, उदाहरण पहिल्या महायुद्धाचं घेऊ कारण त्याची कागदपत्रं पुष्कळ उघडी झालीयत.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि फक्त तारखा लिहा. कारणं नाही, तारखा. 28 जून 1914, बोस्नियातल्या साराजेव्होत गाव्रिलो प्रिन्सिप हा सर्ब तरुण ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडला गोळी घालतो. 5 जुलै, जर्मनी ऑस्ट्रियाला सांगते की काय करायचं ते करा आम्ही पाठीशी आहोत, यालाच कोरा चेक म्हणतात. 23 जुलै, ऑस्ट्रियाचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता, मुदत 48 तास. 28 जुलैला युद्ध जाहीर, 30 ला सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाचा पूर्ण सैन्य जमवायचा हुकूम, 1 ऑगस्टला जर्मनीचं रशियाशी युद्ध, 3 ला फ्रान्सशी, 4 ला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात. म्हणजे खुनापासून इथवर 37 दिवस.

आता प्रत्येक तारखेपुढे एकच प्रश्न लिहायचा, इथे कोणाला थांबता आलं असतं आणि तो का थांबला नाही? खरी मजा इथे आहे. सर्बियानं खलित्यातल्या बहुतेक अटी मान्य केल्या होत्या, अडलं ते मुख्यतः ऑस्ट्रियाचे अधिकारी आमच्या देशात येऊन तपास करणार या अटीवर. ते उत्तर जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्मनं 28 तारखेला सकाळी वाचलं आणि आता युद्धाला काही कारणच उरलं नाही अशा अर्थाचा शेरा मारला, आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियानं युद्ध पुकारलं! कोरा चेक देऊन बसल्यावर तो परत मागायला उशीर झाला. पुढे 1 ऑगस्टला ब्रिटन तटस्थ राहील अशी आशा दिसली तेव्हा कैसर म्हणाला की मग सगळं सैन्य पूर्वेला रशियाकडे वळवा, तर सेनापती मोल्टके म्हणतो शक्य नाही, लाखो माणसं, घोडे, तोफा हलवायचं रेल्वेचं टाइमटेबल आधीच ठरलेलं आहे, ते एका रात्रीत बदलता येत नाही. आता "लष्करवाद" हा शब्द परत वाचा, काहीतरी दिसायला लागेल.

दुसरी गोष्ट, जी पाठ्यपुस्तकं फार घाईत उरकतात. न झालेली युद्धं बघा. 1908 मध्ये ऑस्ट्रियानं बोस्निया गिळंकृत केला, रशिया चिडला पण 1905 मध्ये जपानकडून मार खाऊन बसलेला, जर्मनीनं दम दिल्यावर मुकाट मागे सरला. 1911 मध्ये मोरोक्कोवरून फ्रान्स-जर्मनी भिडता भिडता राहिले. 1912-13 मध्ये बाल्कनमध्ये दोन युद्धं झाली, मोठे देश आत उतरले नाहीत. करार तेच, आरमाराची स्पर्धा तीच, राष्ट्रवाद तोच, तरी महायुद्ध नाही. मग 1914 मध्ये वेगळं काय होतं? माझं मत असं की टळलेलं प्रत्येक संकट मागे उधारी ठेवून जातं. 1908 ला अपमान गिळलेला रशिया 1914 ला पुन्हा गिळायला तयार नव्हता, आणि ऑस्ट्रियाला वाटत होतं आता नाही तर कधीच नाही. हे पटलं नाही तरी चालेल, इतिहासकारही एकमेकांशी भांडतायत अजून, 1961 मध्ये फ्रिट्झ फिशरनं मुख्य दोष जर्मनीचाच असं मांडलं तेव्हा खुद्द जर्मनीतच केवढा गदारोळ झाला होता.

जमलं तर शेजारी 1962 चं क्युबा संकट मांडा. 13 दिवस, दोन्हीकडे अण्वस्त्रं, आणि युद्ध नाही. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हनं क्युबातली आपली क्षेपणास्त्रं काढली, त्या बदल्यात अमेरिकेचा अध्यक्ष केनेडीनं तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं काढायचं कबूल केलं पण गुपचूप. म्हणजे मागे सरायला वाट ठेवली होती. अशी वाट 1914 च्या जुलैमध्ये कोणासाठी होती का, शोधून बघा.

एक सावधगिरी. "सगळे कराराने बांधलेले होते म्हणून ओढले गेले" हे वाक्य लिहायच्या आधी इटली बघा. 1882 पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गटात, पण 1914 मध्ये बाहेर बसली आणि 1915 मध्ये चक्क समोरच्या बाजूनं उतरली. करार माणसं पाळतात तेव्हाच करार असतो.

आता परिणाम. इथे सगळ्यात जास्त गडबड होते, कारण "युद्धानंतर झालं" आणि "युद्धामुळे झालं" यात आपण फरकच करत नाही. यासाठी दोन चाळण्या वापरा. पहिली, तेच युद्ध लढलेल्या दुसऱ्या देशात तसंच झालं का? उदा. युद्धामुळे बायकांना मताधिकार मिळाला असं सर्रास म्हणतात, ब्रिटनमध्ये 1918 ला मिळाला खरा (तोही 30 वर्षांवरच्या आणि ठराविक अटीत बसणाऱ्यांना), पण फ्रान्सनं तेच युद्ध लढून 1944 पर्यंत दिला नाही, आणि न्यूझीलंडनं तर 1893 मध्येच देऊन टाकलेला. म्हणजे युद्धानं दार ढकललं असेल पण दाराशी आधीपासून कोणीतरी उभं होतं.

दुसरी चाळणी, मधल्या काळात काय झालं? "व्हर्सायच्या तहामुळे हिटलर आला" हे सगळ्यांचं लाडकं वाक्य. युद्ध हरलेल्या जर्मनीवर लादलेला हा तह 28 जून 1919 चा, साराजेव्होला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशीचा. पण 1928 च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मतं किती होती? 2.6 टक्के. जुलै 1932 मध्ये 37 टक्के. तह तोच होता हो, मध्ये 1929 ची महामंदी आली आणि लाखो लोक बेकार झाले. तहाचा राग होताच, त्यावर पेट्रोल मंदीनं ओतलं. तसंच 1923 च्या महागाईचं, नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते, त्याचं खापर फक्त तहानं जर्मनीवर लादलेल्या नुकसानभरपाईवर फोडतात, पण जर्मनीनं युद्धाचा खर्च कर लावण्यापेक्षा कर्ज काढूनच जास्त भागवला होता हे कोणी सांगत नाही, वर जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स-बेल्जियमचं सैन्य रूर या जर्मनीच्या कोळसा-कारखान्यांच्या भागात घुसलं.

ठळक परिणाम तर लिहायचेच, 90 लाखांच्या आसपास सैनिक मेले, रशियन, जर्मन, ऑस्ट्रो-हंगेरियन आणि ऑटोमन अशी चार साम्राज्यं संपली. पण बारके परिणामही शोधा, ते जास्त लक्षात राहतात. घड्याळ एक तास पुढे करायची पद्धत जर्मनीनं 30 एप्रिल 1916 ला सुरू केली, कोळसा वाचवायला. ब्रिटनमध्ये आयकराचा मूळ दर 6 टक्क्यांच्या आसपास होता तो 30 वर गेला आणि परत 6 वर कधीच आला नाही. आणि नुकसानभरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता जर्मनीनं भरला 3 ऑक्टोबर 2010 ला.

नकाशा मात्र उघडाच, युरोप सोडून. जागतिक युद्ध म्हणायचं आणि फक्त फ्रान्समधले खंदक बघायचे हे बरोबर नाही. जपाननं चीनमधलं जर्मनांचं चिंगताव घेतलं. भारतातून साधारण 13 लाख माणसं या युद्धाला गेली, त्यातली 70 हजारांवर परत आली नाहीत. पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन सैन्यानं शस्त्रं ठेवली 25 नोव्हेंबर 1918 ला, युरोपात युद्धबंदी होऊन दोन आठवडे झाल्यावर. पश्चिम आशियाचा तर वेगळा कागद करा, 1916 मध्ये ब्रिटन-फ्रान्सनं ऑटोमन मुलूख वाटून घ्यायचं गुपचूप ठरवलं, अरबांना वेगळी आशा दाखवली, 1917 मध्ये ब्रिटननं बाल्फोर जाहीरनाम्यातून ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये राष्ट्रीय घराचं तिसरंच आश्वासन दिलं. तिथल्या बातम्या वाचताना हा कागद अजून लागतो.

शेवटचं, "तिसरं महायुद्ध सुरू झालं" असा मेसेज आला की हीच पद्धत लावा. करार म्हणजे नेमकं काय लिहिलंय ते वाचा, नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी कराराच्या कलम 5 मध्ये एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर असं आहे पण कोणती मदत करायची ते प्रत्येक देश स्वतः ठरवतो, आणि ते कलम आजवर एकदाच लागू झालंय, 2001 मध्ये. युद्ध "जागतिक" कशानं होतं तेही बघा, सैनिकच जावे लागतात असं नाही, 2022 मध्ये रशिया-युक्रेन युद्धानं गहू आणि तेल महागलं आणि मार्चमध्ये जगाचा अन्नधान्य भाव निर्देशांक तोवरच्या उच्चांकावर गेला. मग बघा की कोरा चेक कोण देतंय, कोणाची योजना मध्येच थांबवता येत नाही, आणि विचार करायला वेळ किती आहे. 1914 मध्ये 37 दिवस तरी होते. 26 सप्टेंबर 1983 च्या रात्री सोव्हिएत कॉम्प्युटरनं अमेरिकेची क्षेपणास्त्रं निघाल्याचा इशारा दिला तेव्हा ड्युटीवरच्या स्टानिस्लाव्ह पेत्रोव्हकडे काही मिनिटं होती, आणि त्यानं विचार केला की हल्ला करायचाच तर कोणी फक्त पाच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, आणि वर कळवलं की इशारा खोटा आहे. खोटाच होता, ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्रासारखं दिसलं होतं.