खून की सदोष मनुष्यवध? कलम समजून घेताना या चुका टाळा

"वकीलसाहेब, आमचा माणूस गेला. मग खुनाचं कलम का नाही लावलं?" एफआयआरची प्रत घडी करून खिशात घालून आलेल्या घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. दुसऱ्या बाजूचे लोक येतात तेव्हा त्यांचा प्रश्न असतो, "एकच तर फटका बसला, त्याला खून कसं म्हणता?" दोघांचीही गफलत एकाच जागी होते. मृत्यू झाला एवढ्यावर कायदा थांबत नाही. मारणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होतं आणि त्याने केलेली जखम कोणत्या जातीची होती, हे तो विचारतो. प्रेत दोन्हीकडे सारखंच असतं, म्हणून या प्रश्नाचं उत्तर प्रेताकडे बघून मिळत नाही.

सुरुवात साध्या चुकीपासून करतो, कारण ती अर्जांमध्ये अजून रोज दिसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलमांचे आकडे बदलले. खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये आहे, सदोष मनुष्यवधाची १०५ मध्ये, हयगयीने झालेल्या मृत्यूची १०६ मध्ये, हुंडाबळीची ८० मध्ये, खुनाच्या प्रयत्नाची १०९ मध्ये. तोंडात मात्र जुन्या भारतीय दंड संहितेतलं 'तीनशे दोन' (खून) आणि 'तीनशे चार' (सदोष मनुष्यवध) बसलेलं आहे. नव्या संहितेत ३०२ म्हणजे कुणाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणं आणि ३०४ म्हणजे वस्तू हिसकावून नेणं. भावाच्या मृत्यूबद्दलच्या अर्जात '३०४' लिहिलं, तर कागदावर तो साखळीचोरीचा अर्ज होतो. मात्र घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी भारतीय दंड संहिताच लागते, मग खटला आज चालत असला तरी. आधी घटनेची तारीख बघा, मग आकडा लिहा.

'मनुष्यवध' आणि 'खून' या दोन वेगळ्या पेट्या समजणं

कायद्यात मोठं वर्तुळ सदोष मनुष्यवधाचं, म्हणजे उद्देशाने किंवा जाणूनबुजून केलेल्या कृतीने कुणाचा मृत्यू घडवण्याचं, आहे (नवं कलम १००) आणि त्याच्या आत लहान वर्तुळ खुनाचं (कलम १०१). प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. फरक कुठे पडतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्येच गोविंदा नावाच्या आरोपीच्या खटल्यात सांगितलं. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि तोंडावर दोन-तीन जोरदार ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी तो खून धरला नाही. मारण्याचा उद्देश दिसत नव्हता, आणि अशा ठोशांनी मृत्यू येण्याचा संभव असला तरी निसर्गक्रमाने मृत्यू येण्यास ते पुरेसे आहेत असं म्हणता येत नव्हतं. पंधरा वर्षांच्या त्या मुलीची गोष्ट वाचताना आजही पोटात कालवतं. पण कायद्याची रेष त्या निकालाने जितकी स्वच्छ दाखवली तितकी क्वचितच कुणी दाखवली आहे.

'संभव असलेली' इजा आणि 'पुरेशी' इजा, हे दोन शब्द लक्षात ठेवा. पोटापाण्याची वकिली करणारेही इथे घसरतात. इजेने मृत्यू येऊ शकतो, एवढंच असेल तर सदोष मनुष्यवध. नेहमीच्या क्रमाने मृत्यू येणारच, अशी इजा ठरवून केली असेल तर खून.

म्हणूनच पोस्टमॉर्टेम अहवालात नुसतं 'मृत्यूचे कारण : डोक्यास इजा' एवढं असून भागत नाही. ती जखम निसर्गक्रमाने मृत्यू येण्यास पुरेशी होती का, हा प्रश्न डॉक्टरांना साक्षीच्या वेळी विचारला गेला पाहिजे आणि उत्तर नोंदवलं गेलं पाहिजे. तो विचारायचा राहून गेला तर पुढे अपिलात बचाव पक्ष बोट तिथेच ठेवतो. घरच्यांनी सरकारी वकिलांना नम्रपणे याची आठवण करून द्यावी, त्यात काही गैर नाही. न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलांना साहाय्य करण्यासाठी तुमचा वकील नेमण्याची सोयही कायद्यात आहे.

'एकच वार होता' किंवा 'हातापायांवरच मारलं' यावर विसंबणं

विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा १९५८ चा निकाल. भाल्याचा एकच वार, पोटात. आतडी बाहेर आली आणि जखमी माणूस दुसऱ्या दिवशी गेला. ठार मारायचं नव्हतं, हा युक्तिवाद न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी बाजूला ठेवला. त्यांनी विचारलं ते असं : जखम आहे का, ती कशी आहे, तीच जखम करायची होती की हात चुकून लागली, आणि तशी जखम मृत्यू येण्यास पुरेशी आहे का. 'मी एवढ्याने मरेल असं समजलो नव्हतो' याला मग जागा उरत नाही. जखम ठरवून केली का, एवढं आरोपीच्या मनात शोधायचं. ती पुरेशी होती का, हे डॉक्टर आणि न्यायालय ठरवतं.

दुसरं टोक रायवरपू पुन्नय्या प्रकरणात, १९७६ मध्ये. आंध्रमधल्या गावात एका माणसाला जाड काठ्यांनी मारलं. एकोणीस जखमा, बहुतेक हातापायांवर. उच्च न्यायालयाने हा खून नाही म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने खून ठरवला. गावाकडे 'हातपाय तोडा, जिवे मारू नका' असं सांगून माणसं पाठवली जातात आणि मग त्या वाक्यालाच ढाल बनवलं जातं. ती ढाल टिकत नाही.

'रागाच्या भरात झालं' म्हणजे सुटलो, असं वाटणं

खुनाच्या कलमाला पाच अपवाद आहेत. अपवाद लागला तर माणूस सुटत नाही, गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होतो. त्यांतले दोन सारखे ऐकू येतात : गंभीर आणि अचानक चिथावणी, आणि अचानक झालेलं भांडण. दोन्हींमध्ये जोर 'अचानक' वर आहे. नानावटी प्रकरण मुंबईचं, २७ एप्रिल १९५९ चं. दुपारी बायकोने दुसऱ्या पुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यानंतर नौदल अधिकारी असलेल्या नवऱ्याने बायको-मुलांना सिनेमागृहात सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं, आधी त्या पुरुषाच्या ऑफिसात आणि मग त्याच्या घरी गेला, आणि तिथे त्याला गोळ्या घातल्या. मध्ये जवळपास तीन तास गेले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डोकं शांत व्हायला एवढा वेळ पुरेसा होता आणि मधलं वागणं ठरवून केलेलं होतं. जन्मठेप कायम राहिली. लोकांची सहानुभूती तेव्हा त्याच्याकडे होती, तरीही.

समजा, शेताच्या बांधावरून दोन चुलतभावांची जुंपली. हातात जे होतं ते फावडं एकाने दुसऱ्याला मारलं, आणि तो गेला. इथे अचानक भांडणाचा अपवाद लागू शकतो. भांडण कुणी उकरून काढलं हे त्यात महत्त्वाचं नसतं. पण तोच घरी गेला, कुऱ्हाड घेऊन परत आला, किंवा खाली पडलेल्यावर वार करत राहिला, तर अपवाद गेला. घर ते बांध हे अंतर खटल्यात फार मोठं ठरतं. म्हणून साक्षीदारांनी वेळ, अंतर आणि हत्यार कुठून आलं, हे जसं पाहिलं तसंच सांगावं.

'दवाखान्यात वेळेवर नेलं असतं तर वाचला असता'

तालुक्याला पोहोचेपर्यंत रात्र झाली, रक्त मिळालं नाही, जिल्ह्याला पाठवलं. हे सगळं खरं असलं तरी मारणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. योग्य उपचारांनी जीव वाचला असता तरी मृत्यू त्या इजेनेच झाला असं कायदा स्पष्ट शब्दांत मानतो. आधीच आजारी असलेल्या माणसाचा मृत्यू लवकर ओढवला, तरी तेच. जखमी आठवड्याने गेला तर पोलीस १०९ च्या गुन्ह्यात १०३ वाढवतात. कलम वाढवल्याचं तपास अधिकाऱ्यांना लगेच विचारा. आणि जखमी बोलण्याच्या स्थितीत असेल तर त्याचा जबाब डॉक्टरांच्या शेऱ्यासह नोंदवून घ्यायला सांगा. पुढे तोच मृत्युपूर्व जबाब म्हणून कामी येतो.

प्रत्येक अपघाताला 'हयगय' म्हणणं

बेदरकार किंवा हयगयीच्या कृतीने मृत्यू झाला तर १०६. जुन्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता पाचपर्यंत आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना झालेल्या हयगयीला ती दोनपर्यंतच. पण मृत्यू होऊ शकतो हे जाणूनही गाडी हाणली, तर मामला १०५ मध्ये जातो. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली, सात जण गेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने हयगय धरली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षांची शिक्षा दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. चालकाने दारू प्यायली होती, आणि जाणीव होती की नव्हती हे ठरवताना ते मोजलं गेलं. अशा प्रकरणात रक्ताचा नमुना त्याच रात्री घेतला जाणं हा सगळ्या खटल्याचा कणा असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी घेतलेला नमुना बहुतेक वेळा काहीच बोलत नाही.

कलम 'जड' व्हावं म्हणून फिर्याद फुगवणं

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण ती दुःखात बुडालेली माणसं करतात आणि शिक्षा त्यांनाच होते. दोघांनी मारलं असेल तर फिर्यादीत सात नावं येतात : भाऊ, बाप, पुण्यात नोकरीला असलेला मेहुणा. 'जिवे मारण्याच्या उद्देशाने' हे शब्द प्रत्येक साक्षीदाराच्या तोंडी घातले जातात. मग मेहुण्याची त्या दिवशीची हजेरी आणि मोबाइलचं ठिकाण समोर येतं. न्यायालय दाणे आणि कोंडा वेगळे करण्याचा प्रयत्न करतं, पण कोंडाच जास्त असला की दाण्यांवरचाही विश्वास उडतो आणि खरा मारेकरी संशयाच्या फायद्यावर घरी जातो. उद्देश साक्षीदाराने शब्दांत सांगायचा नसतो. हत्यार, वाराची जागा, जोर, आधीच्या धमक्या, नंतरचं वागणं यांतून न्यायालय तो काढतं. तुम्ही पाहिलं ते सांगा. नाव माहीत नसेल तर 'अनोळखी' म्हणा, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते ती घरी नेऊन पुन्हा वाचा.

एफआयआरमधलं कलम शेवटचं नसतं. दोषारोपपत्रात ते बदलतं, न्यायालय आरोप ठेवताना बदलतं, निकालाआधी कधीही बदलू शकतं. आपसात मिटवून यातून बाहेर पडताही येत नाही, कारण खून आणि सदोष मनुष्यवध हे तडजोडीचे गुन्हे नाहीत. आणि खटल्याच्या शेवटी खुनाऐवजी सदोष मनुष्यवधच सिद्ध झाल्याचा निकाल आला, तर मृताच्या कायदेशीर वारसांना स्वतः अपील करता येतं. त्यासाठी सरकारच्या निर्णयाची वाट बघावी लागत नाही. निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, कारण अपिलाची मुदत निकालाच्या दिवसापासूनच मोजली जाते.