धोटा लागलेला डोळा: आयरिसच्या ऑपरेशनआधी काय काय जमवायचं

डोळा फुटलाय अशी शंका असेल, तर ही यादी वाचत बसू नका. चोळू नका, धुऊ नका, थेंब टाकू नका. कागदी कप डोळ्यावर उपडा ठेवून चिकटपट्टी लावा आणि काही न खाता-पिता सोलापूरचं सिव्हिल हॉस्पिटल गाठा. पुढचं सगळं मुका मार लागलेल्यांसाठी आहे. यंत्रमागावरचा धोटा उसळून बसला, बाहुलीभोवतीचा तपकिरी भाग, म्हणजे आयरिस, मुळापासून सुटला किंवा बाहुली पसरून तशीच राहिली, अशांसाठी. इथे सहसा घाई नसते. आतलं रक्त आणि सूज उतरेपर्यंत डॉक्टर थांबतात, आणि तयारी याच दिवसांत करायची.

सगळ्यात आधी पहिल्या दिवसाचा केसपेपर शोधा. त्यावर तेव्हाची नजर आणि डोळ्याचा दाब लिहिलेला असतो, तो आकडा नंतर कुठून आणणार? चष्म्याचा जुना नंबर, सोनोग्राफी आणि छिन्नी-हातोड्याचं काम करताना लागलं असेल तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सोबत ठेवा. धातूचा कण आत नाही हे ठरल्याशिवाय एमआरआय करायचा नसतो. अपघाताआधीचा चेहऱ्याचा जवळून काढलेला एखादा फोटो मोबाईलमध्ये असेल तर तोही दाखवा.

रेशन कार्ड, आधार, ईएसआयचं कार्ड एका पिशवीत. आपल्याकडे तेलुगू आडनाव दोन कार्डांवर दोन तऱ्हेनं लिहिलेलं असतं आणि नेमकं ॲडमिटच्या दिवशी ते कळतं, म्हणून आधीच ताडून पाहा. महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा.

मग खरा प्रश्न: सुटलेल्या आयरिसला टाके घालायचे तरी का? वरच्या पापणीआड लपणारी लहान फट त्रास देत नसेल तर तिला हात न लावलेलाच बरा. म्हणून त्रास नीट टिपून न्या. भर दुपारी डोळा उघडतो का? रात्री अक्कलकोट रोडला समोरच्या गाडीचे दिवे पसरतात का? चांगला डोळा झाकून विजेची तार पाहा, दोन दिसल्या तर सांगा. काहींचं रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सवरही भागतं.

टाके घालण्याआधी डोळ्यामागचा पडदा (रेटिना) आणि आयरिस व त्यापुढची पारदर्शक कॉर्निया यांच्यामधला कोन तपासलाच पाहिजे. शिवलेली बाहुली नंतर पूर्वीसारखी मोठी होत नाही, त्यामुळे पडद्याच्या कडा पाहणं अवघड जातं. डोळ्यातली मूळ लेन्स हलली आहे का, मोतीबिंदू होतोय का, तोही एकाच वेळी काढणार का, हेही विचारून घ्या. या तपासणीला बाहुली मोठी करतात, तेव्हा दुचाकी स्वतः चालवत जाऊ नका.

औषधांच्या पट्ट्याच घेऊन जा, नावं पाठ असण्याच्या भरवशावर राहू नका. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन गोळी पूर्वी कधी घेतली असेल, बंद करून वर्षं झाली असली तरी सांगा: तिच्यामुळे ऑपरेशनमध्ये आयरिस लुळा पडू शकतो. पुरुषमंडळी हे सांगायला लाजतात, बायकोने सांगावं. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

टाक्यासाठी १०-० जाडीचा पॉलीप्रोपिलीनचा धागा वापरतात. केसाहून बारीक, आणि तो कायम आत राहतो. टाके घालण्याची मॅकॅनेल यांची १९७६ ची पद्धत आणि सीप्सर यांची १९९४ ची सरकगाठ अजून वापरात आहेत. तुमच्या डॉक्टरांचा हात कशावर बसलाय ते खुशाल विचारा.

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, काजळ-सुरमा नाही. उपाशी किती वेळ राहायचं ते भुलीवर ठरतं. लहान मुलांना पूर्ण भूल देतात. नंतर काही आठवडे मागाच्या शेडमधली धूळ, वजन उचलणं आणि डोळ्यात पाणी टाळायचं, तेव्हा मालकाशी रजेचं आधीच बोला. एप्रिल-मे टाळता आला तर टाळा, घाम थेट डोळ्यात उतरतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दीही नको.

कोनाला मार लागलेल्या डोळ्यात काचबिंदू कित्येक वर्षांनीही येऊ शकतो, टाके कितीही सुरेख बसले तरी. दाब पुन्हा कधी तपासायचा, ती तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहूनच घ्या.