इंग्रजी वाक्यांतली व्याकरणिक गुंतागुंत टॅग करताना या चुका टाळा

टॅग करणं म्हणजे वाक्यातल्या प्रत्येक रचनेला तिच्या प्रकाराचं लेबल लावणं, म्हणजे मग ती मोजता येते. ‘द शॉप्स इन सराफा ओपन ॲट नाइट.’ (सराफा हा इंदूरचा बाजार) या वाक्यात प्रिपोझिशनने सुरू होणारे दोन पदबंध (शब्दगट) आहेत. नवीन माणूस दोघांना एकच लेबल लावतो आणि मोजणी तिथेच बिघडते. हेच वाक्य मराठीत म्हणून पाहा: ‘सराफ्यातली दुकानं रात्री उघडतात.’ ‘सराफ्यातली’ हा शब्द दुकानांच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, म्हणून तो नामाला चिकटलेला आहे. ‘रात्री’ क्रियापदाकडे जातो. इंग्रजीला हा फरक दाखवावा लागत नाही, मराठीला दाखवावाच लागतो. इंदूरमध्ये घरी मराठी बोलणाऱ्या टॅगरकडे ही कसोटी आयतीच आहे. (हिंदीतल्या ‘सराफे की दुकानें’मध्ये नामाशी नातं दिसतं, पण ‘आत’ हा अर्थ पुसट होतो. मराठीत दोन्ही टिकतात.)

ही चूक महाग पडते. भाषाशास्त्रज्ञ डग्लस बायबर आणि बेथनी ग्रे यांच्या कामातून दिसतं की, शास्त्रीय लेखनाची गुंतागुंत मुख्यतः नामाभोवतीच्या पदबंधांत असते, तर बोलण्यातली गौणवाक्यांत. नामाला लागलेला पदबंध क्रियाविशेषणात टाकला, तर प्रौढ लेखन साधं ठरतं.

मात्र ‘शी बॉट सारीज फ्रॉम महेश्वर’ खरोखरच संदिग्ध आहे: महेश्वरच्या साड्या घेतल्या, की महेश्वरहून घेतल्या? इथे ‘सारीज’च्या जागी ‘देम’ ठेवा. ‘शी बॉट देम फ्रॉम महेश्वर’ चालतं, म्हणजे क्रियापदाशी जोड शक्य आहे. आता ‘सारीज फ्रॉम महेश्वर’ या अख्ख्या तुकड्याच्या जागी ‘देम’ ठेवा. तेही चालतं. दोन्ही चालली तर मागचं वाक्य वाचा. तरीही ठरत नसेल तर ‘संदिग्ध’ अशी खूण करून पुढे जा. बळजबरीने लेबल लावू नका.

‘दॅट’चे पाच चेहरे

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ‘द गार्ड सेड दॅट द गेट वॉज क्लोज्ड’ मराठीत नेलं की ‘की’ येतो, म्हणून हे नामवाक्य. ‘द गेट दॅट ही क्लोज्ड’मध्ये ‘जे’ येतं, म्हणून विशेषणवाक्य. इथवर सोपं आहे. अडचण ‘द न्यूज दॅट द गेट वॉज क्लोज्ड’मध्ये येते. ‘दॅट’च्या आधी नाम दिसलं की हात आपोआप विशेषणवाक्याच्या लेबलकडे जातो. मराठीत हे ‘फाटक बंद झाल्याची बातमी’ असं होतं, ना ‘की’ ना ‘जी’, त्यामुळे मराठीची कसोटी इथे पुरत नाही.

इथे रिकामी जागा शोधा. ‘दॅट’ झाकून पुढचं वाचा. ‘द गेट वॉज क्लोज्ड’ पूर्ण वाक्य आहे, म्हणजे हे ‘न्यूज’ या नामाचं पूरक नामवाक्य. ‘ही क्लोज्ड’ वाचल्यावर ‘काय?’ असा प्रश्न उरतो, ते विशेषणवाक्य. ‘इट इज क्लिअर दॅट…’मधलं नामवाक्य विशेषणावर अवलंबून आहे. क्रियापद, विशेषण आणि नाम यांवर अवलंबून असणाऱ्या नामवाक्यांसाठी तीन वेगळे कप्पे ठेवा. एकत्र मोजली की ती पुन्हा वेगळी करता येत नाहीत. पाचवा चेहरा ‘दॅट गेट’मधला, नुसतं दर्शक. त्याला लेबल नाही.

शिवाय ‘दॅट’ शोधून काढलेली यादी कधीच पूर्ण नसते. ‘द गार्ड सेड द गेट वॉज क्लोज्ड’ आणि ‘द कचोरी वी एट’ यांत तो गाळलेला आहे, पण गौणवाक्य तिथे आहेच.

‘-इंग’ आणि ‘-एड’

शाळेतली धातुसाधितं आठवा, निम्मं काम होतं. ‘टेस्टिंग वॉटर टेक्स टाइम’ म्हणजे तपासणं, धातुसाधित नाम. ‘द टीम टेस्टिंग वॉटर लेफ्ट अर्ली’ म्हणजे तपासणारी, धातुसाधित विशेषण. ‘टेस्टिंग वॉटर, द टीम फाउंड आर्सेनिक’ म्हणजे तपासताना, क्रियाविशेषण. ‘द टीम इज टेस्टिंग वॉटर’मध्ये ते मुख्य क्रियापदच आहे, म्हणून काहीच लावायचं नाही. ‘अ टेस्टिंग किट’मध्ये ते नामाआधीचं विशेषक आहे, उपवाक्य नाही.

‘द सॅम्पल्स कलेक्टेड फ्रॉम द कान्ह वेअर टेस्टेड’ (कान्ह ही इंदूरची नदी) या वाक्यात ‘कलेक्टेड’ म्हणजे ‘गोळा केलेले’. स्वयंचलित टॅगर त्याला भूतकाळी क्रियापद समजून घसरू शकतो. नामानंतर लगेच ‘-एड’ आलं की ती ओळ हाताने तपासा.

‘टू’ आणि मराठीचा चकवा

‘शी वेंट टू बाय पोहा’: घ्यायला गेली. ‘शी बिगॅन टू बाय पोहा’: घ्यायला लागली. मराठीत दोन्हीकडे ‘घ्यायला’, पण पहिलं हेतू सांगणारं क्रियाविशेषण आहे, दुसरं क्रियापदाचं पूरक. ‘टू’च्या जागी ‘इन ऑर्डर टू’ घालून पाहा. पहिल्यात बसतं, दुसऱ्यात नाही. ‘यूज्ड टू बायिंग’ (सवय या अर्थी) मधला ‘टू’ प्रिपोझिशन आहे.

चुकीचं इंग्रजी

‘आय एन्जॉय टू रीड’ असं विद्यार्थ्याने लिहिलं, तर मनातल्या मनात ‘रीडिंग’ करून टॅग करू नका. जे लिहिलं आहे त्याला लेबल लावा आणि चुकीची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा. लांब वाक्य म्हणजे गुंतागुंतीचं वाक्य, हाही गैरसमज आहे. ‘अँड’ने जोडलेली पाच छोटी वाक्यं लांब असतात, पण त्यांत एकही गौणवाक्य नसू शकतं. म्हणूनच केलॉग हंट यांनी १९६५ मध्ये टी-युनिट मांडलं: एक मुख्य वाक्य आणि त्याला जोडलेली गौणवाक्यं, एवढाच एक घटक.

दोन टॅगरचं जुळतंय का?

एकूण टक्केवारीवर विश्वास ठेवू नका. समजा, दोन टॅगरनी ५०० लेबलं लावली. त्यांतली ४०० नामाआधीची विशेषणं होती आणि ती सगळी जुळली. उरलेल्या १०० प्रिपोझिशन-पदबंधांपैकी ६० जुळले. एकूण आकडा ९२ टक्के येतो, पण ज्या वैशिष्ट्यासाठी ही खटपट केली त्यावर फक्त ६० टक्के जुळणी आहे. प्रत्येक वैशिष्ट्याची जुळणी वेगळी काढा, आणि योगायोगाने झालेली जुळणी वजा करणारा ‘कोहेनचा काप्पा’ (kappa) हा आकडा वापरा. प्रत्यक्ष जुळणी ०.८५ आणि योगायोगाची ०.५० असेल, तर (०.८५ − ०.५०) ÷ (१ − ०.५०) म्हणजे ०.७०.

शेवटी हजार शब्दांमागे दर काढताना मथळे, संदर्भयादी आणि उद्धृत केलेला मजकूर शब्दसंख्येतून आधी वगळा. ४५० शब्दांत १८ विशेषणवाक्यं म्हणजे दर ४०. पण १२० शब्दांच्या उताऱ्यात एकच नोंद इकडची तिकडे झाली, तरी दर ८.३ ने उडी मारतो. इतक्या लहान उताऱ्यांचे दर एकमेकांशी ताडू नका, मूळ संख्याच द्या.