स्ट्रासबुर्गचा १६८१चा करार कसा वाचावा

दिवाणी वकिलीत आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलाही दस्त हातात आला की मी आधी ताब्याचं कलम शोधतो. स्ट्रासबुर्ग हे राइनकाठचं, तोवर जर्मन साम्राज्यातलं स्वतंत्र शहर; ३० सप्टेंबर १६८१च्या कराराने ते फ्रान्सच्या ताब्यात गेलं. तो करारही तसाच, शेवटाकडून वाचायला घ्या. फ्रान्सच्या राजाची फौज आजच, दुपारी चार वाजता शहरात घ्यायची, असं तिथे लिहिलंय. सही आणि ताबा एकाच दिवशी! घासाघीस करायला शहराला सवडच नव्हती. राइन नदीवरची चौकी फ्रेंचांनी आधीच घेतली होती आणि फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा युद्धमंत्री लुव्वा स्वतः तळावर येऊन थांबला होता.

आता पहिल्या कलमाकडे या. कलमं शहराच्या कारभाऱ्यांनी मांडलेली आहेत, त्यांना उत्तर राजातर्फे दिलेलं आहे. मागणी भरभर वाचा, उत्तर सावकाश. 'मंजूर'च्या मागोमाग 'मात्र' आलं की पेन्सिलीने खूण करा.

खरी मेख धर्माच्या कलमात आहे. शहर ल्यूथरपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट. त्यांनी आपली उपासना, चर्च, शाळा सगळं पूर्ववत मागितलं. मंजूर झालं, मात्र मोठं कॅथेड्रल कॅथलिकांना परत द्यायचं. तिथल्या घंटा शहराने पूर्वीप्रमाणे वाजवाव्यात, पण स्वतःच्या प्रार्थनेसाठी तेवढ्या वाजवू नयेत. विजेता किती बारकाईने विचार करतो, ते या एका सवलतीत दिसतं. न्यायदानाच्या कलमातही तेच: कोर्ट शहराचंच, मात्र १००० लिव्रच्या (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) वरच्या दाव्याचं अपील ब्रायझाख गावी राजाने नेमलेल्या वरिष्ठ न्यायमंडळात.

शस्त्रांचं कलम सोडू नका. तोफा, दारूगोळा राजाकडे. नागरिकांची हत्यारं नगरभवनातल्या एका खोलीत, आणि किल्ली नगरमंडळाकडे. बुडत्या स्वातंत्र्यातून जे वाचवता आलं ते त्या माणसांनी वाचवलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

करार वाचून झाला की त्याची अंमलबजावणी तपासा. १६८५मध्ये फ्रान्सभर प्रॉटेस्टंट उपासनेवर बंदी आली, पण ती इथे लागू झाली नाही. ल्यूथरपंथी विद्यापीठही चालू राहिलं. कारभारावर मात्र राजाने आपला अधिकारी बसवला, आणि १६८७पासून नगरातली पदं कॅथलिक आणि ल्यूथरपंथी यांच्यात आळीपाळीने वाटली जाऊ लागली. म्हणून 'फसवणूक' किंवा 'उदारपणा' असा एकच शिक्का मारू नका, कलमागणिक निकाल द्या. आणि १६९७चा रिस्विकचा तह सोबत ठेवा. जर्मन सम्राटाने हे शहर रीतसर फ्रान्सला सोडलं ते त्या तहात, म्हणजे ताब्यानंतर १६ वर्षांनी.