बाहेरचे सॅम्पल कीबोर्डमध्ये घेताना या चुका टाळा

प्रोग्राम (आवाज कसा वाजवायचा याची सेटिंग) सेव्ह केला म्हणजे आवाजही सेव्ह झाला, हा गैरसमज काही केल्या जात नाही. कॉर्ग कंपनीच्या ट्रायटनपासून क्रोनॉसपर्यंतच्या कीबोर्डांत पीसीजी फाइलमध्ये प्रोग्राम आणि कॉम्बी (अनेक प्रोग्रामची जुळणी) असतात, सॅम्पल म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचे तुकडे नसतात. सॅम्पल केएसएफ फायलींत, त्यांची पट्ट्यांवरची मांडणी केएमपीत आणि काय काय लोड करायचं याची यादी केएससीत. नुसती पीसीजी जपणाऱ्याचं पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. साउंडचेकला बासरी झकास वाजते, मध्येच वीज जाते, कीबोर्ड परत सुरू होतो. स्क्रीनवर बासरीचं नाव जागच्या जागी, पण पट्टी दाबली की आवाज नाही, कारण सॅम्पल ज्या तात्पुरत्या मेमरीत असतात ती रॅम रिकामी झालेली असते. वादक मात्र केबल आणि व्हॉल्यूम पेडल तपासत बसतो.

सेव्ह करताना नेहमी ‘सेव्ह ऑल’च घ्या. मग कीबोर्ड बंद-चालू करा, सगळं परत लोड करा आणि एकेक प्रोग्राम वाजवून बघा. याला वेळ नाही म्हणणाऱ्यांनी कारखान्यातले आवाज वाजवावेत. केएससी दुसरीकडे हलवताना तिच्याच नावाचं फोल्डरही सोबत न्या. आणखी एक खोच: ट्रायटनवर प्रोग्राम रॅममधलं मल्टिसॅम्पल (पट्ट्यांवर मांडलेला सॅम्पलचा संच) क्रमांकाने शोधतो. आधी दुसरीच केएससी लोड केली तर क्रमांक सरकतात आणि बासरीच्या जागी भलतंच काहीतरी वाजतं.

रूट की (सॅम्पल मूळ सुरात वाजतं ती पट्टी) हाताने भरताना स्वराच्या नावावर जाऊ नका. मिडी या वाद्यांच्या डिजिटल भाषेतल्या नोट क्रमांक ६० ला यामाहा सी३ म्हणते, कॉर्ग आणि रोलँड सी४. आवाज बरोबर एक सप्तक चुकला की दोष बहुधा इथेच असतो. साधारण दीड अर्धस्वर खाली वाजत असेल तर ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची फाइल ४४.१ ची समजून वाजते आहे. ट्यूनिंग ओढून तात्पुरतं भागतं, पण त्याच मल्टिसॅम्पलमध्ये पुढे ४४.१ ची फाइल आली की सगळं बेसूर. संगणकावरच सगळ्या फायली १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ वेव्ह करून घ्या.

एकच सॅम्पल सगळ्या पट्ट्यांवर ताणू नका. सप्तकभर वर गेलं की ते दुप्पट वेगाने धावतं, त्यातलं कंपनही. दर तीन अर्धस्वरांना एक सॅम्पल घ्या.

एमपी३ वरून लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) करू नका, सुरुवातीला शांततेचा तुकडा चिकटलेला असतो. १६ बिट, ४४.१ चा स्टिरिओ मिनिटाला सुमारे १० एमबी खातो. बास मोनोच ठेवा. लूपमध्ये टिक ऐकू येत असेल तर दोन्ही टोकं लहर शून्य रेषा एकाच दिशेने ओलांडते तिथे बसवा.