गाडीच्या दाराचं पॅड फुगलंय? रेक्झिन आणण्याआधी पाणी कुठून येतं ते बघा

अण्णांची 1998 सालची मारुती 800 आता मी चालवते. पुण्यात पर्वती पायथ्याला आमच्या इमारतीत छपराचं पार्किंग नाही, गाडी बारा महिने उघड्यावर. दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हरच्या बाजूचं डोअर पॅड, म्हणजे दाराला आतून लावलेला रेक्झिन चढवलेला हार्डबोर्ड, खालून फुगलं आणि रेक्झिन सुटून लोंबायला लागलं. एका गॅरेजमध्ये दाखवलं, तर त्यांनी कडेने सहा स्क्रू पिळून दिले. त्यातला एक लांब निघाला. काच खाली घेतली की कर्र आवाज यायचा. काचेवर उमटलेला तो उभा ओरखडा आजही आहे, आणि दिसला की आजही जीव हळहळतो. पॅडमधून स्क्रू कुणालाही मारू देऊ नका.

800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. तयार नवीन पॅडच्या मागे फिरण्यापेक्षा आहे ते दुरुस्त करणं सोपं पडतं. हे काम एप्रिल-मे मध्येच करा. दमट हवेत रेक्झिन चिकटवायचं सोल्यूशन नीट धरत नाही.

आधी पॅड काढायचं. आतल्या हँडलचे आणि आर्मरेस्टचे स्क्रू दिसतात, ते सोडवा. अडतं ते काच फिरवायच्या हँडलपाशी. त्याला स्क्रू नसतो. मागे घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. काच पूर्ण वर घ्या आणि हँडल कुठल्या कोनात आहे त्याचा फोटो काढा. मग जुन्या धोतराची किंवा मलमलीची लांब पट्टी हँडल आणि त्यामागच्या प्लास्टिकच्या चकतीमध्ये सरकवा. दोन्ही टोकं धरून, बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतात तसं डावीकडे-उजवीकडे ओढत राहा. धागे क्लिपच्या टोकात अडकतात आणि क्लिप बाहेर येते. ती उडते, म्हणून खाली चादर पसरून ठेवा.

कडेच्या प्लास्टिक क्लिपांसाठी स्क्रूड्रायव्हर वापरू नका, हार्डबोर्ड फाटतो. लांबी (पुटी) लावायची रुंद पत्ती कापडात गुंडाळून क्लिपच्या अगदी शेजारी घाला आणि उचला. दोन-चार क्लिपा तुटणारच. एक साबूत आणि एक तुटकी क्लिप घेऊन नाना पेठेत जा आणि नव्या क्लिपची जाडी तिच्याशी ताडून घ्या.

आता पॅड बाजूला ठेवा आणि दाराकडे बघा. दाराच्या आत पाणी येणारच. काचेच्या बाहेरच्या रबराशेजारून ते आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. पॅड त्यापासून वाचतं ते पत्र्यावर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या कागदामुळे. कुणीतरी काच वर-खाली करणारी मशीन दुरुस्त करताना तो फाडतं आणि तसाच सोडून देतं. माझ्या गाडीत तळाचा वीतभर कागद नव्हताच, आणि हार्डबोर्ड नेमका तेवढाच फुगला होता. हे न बघता वरून नवीन रेक्झिन चढवलं, तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच.

तळाची भोकं तारेने मोकळी करा. माझ्या दारातून ओंजळभर काळा गाळ निघाला. काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओता आणि खालून धार लागते का बघा. दार सुकलं की जाड पॉलिथिन कापून ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवा. मात्र कागदाची खालची कड पत्र्याच्या बाहेर लोंबू देऊ नका. दाराच्या मोठ्या भोकातून ती आत वळवा. म्हणजे कागदावरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात पडेल, पॅडवर नाही. सगळ्या कामात मी सर्वात जास्त वेळ इथे दिला.

हार्डबोर्ड नुसता ओलसर असेल तर सपाट फरशीवर वजनाखाली वाळवा. पापुद्रे सुटले असतील तर नवा कापा. भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये 3 मिमीचा मिळतो, पण आधी जुन्याची जाडी मोजा. नवा जाड निघाला तर क्लिपा बसत नाहीत. जुना पॅड वर ठेवून पेन्सिलीने आखा, सगळी भोकं त्याच्यावरूनच उतरवा. मग दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या. पाणी शिरतं ते कडेतूनच.

रेक्झिनचा रंग जुळवायला आर्मरेस्टमागचा तुकडा न्या. तिथे ऊन पोचलेलं नसतं. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, दाराशी उजेडात या. मागे विणलेलं कापड असलेलं, थोडं ताणलं जाणारं रेक्झिन घ्या.

पुढचं काम मला अण्णांनी शिकवलं. ते पुस्तकबांधणी करायचे, आणि दाराचं पॅड म्हणजे मोठा पुठ्ठाच. फेव्हिकॉल एसआर 998 बोर्डावर आणि रेक्झिनच्या कापडावर, दोन्हीकडे पातळ पसरवा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावून उचललं की तार ओढली जाता कामा नये. हे काम गच्चीवर किंवा गॅलरीत करा, शेजारी गॅस किंवा देवाची समई नको. वाफ पेट घेते. एकदा टेकलं की ते सरकत नाही. म्हणून मध्ये बटर पेपर घाला, एका कडेने सुरुवात करा आणि पेपर हळूहळू ओढत, मधून बाहेरच्या दिशेने तळव्याने दाबत जा.

कोपऱ्यांवर घाई नको. चौकोनी कोपऱ्याला रेक्झिन तिरकं कापताना टोकापासून बोर्डाच्या दीडपट जाडीइतकं अंतर सोडा, नाहीतर टोक उघडं पडतं. गोल कोपऱ्याला मागच्या बाजूने बारीक त्रिकोणी खाचा द्या, हेअर ड्रायरने जरा ऊब द्या आणि एकेक चुणी टोच्याने बसवत चला. मग घोटा. अण्णा हाडाच्या पट्टीने घोटायचे. माझ्याकडे तीच पट्टी आहे. नसेल तर चमच्याची पाठ चालते.

रात्रभर वजनाखाली ठेवा. आतल्या भोकांवर रेक्झिनला फुलीसारखी चीर द्या, गोल कापून काढू नका. पॅड बसवताना आधी वरची कड, मग क्लिपा एकेक मुठीने ठोकून. काच फिरवायच्या हँडलमध्ये क्लिप आधीच बसवून ठेवा, फोटोतल्या कोनात दांड्यावर धरा आणि तळव्याचा एक ठोसा द्या. टक् आवाज आला की बसलं.

पहिल्या मोठ्या पावसानंतर पॅडच्या खालच्या कडेखाली बोट फिरवून बघा. ओल लागली तर तेव्हाच उघडा, दिवाळीची वाट बघू नका. कागदाची कड कुठेतरी बाहेर राहिलेली असते, आणि तेवढीच आत सारायची असते.